श्रावणबाळचा अर्ज पुन्हा पुन्हा त्रुटीत निघतो तेव्हा

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावापासून तालुक्याचे ठिकाण 22 किलोमीटरवर आहे. सकाळची एसटी चुकली तर काळी-पिवळीने जावे लागते, आणि तहसील कार्यालयातून काम न होता परतायचे म्हटले तर मजुरी करणाऱ्या माणसाचा पूर्ण दिवस बुडतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी गावातील वयस्क मंडळींचे वृद्धापकाळ निवृत्तीवेतनाचे अर्ज भरून देतो. या कामात सर्वांत जास्त वेळा समोर येणारी अडचण एकच आहे. अर्ज दाखल होतो, दोन-तीन महिन्यांनी ‘त्रुटी आहे’ असे कळते, घरचे लोक घाईने दुसरा अर्ज टाकतात आणि तो पुन्हा त्याच त्रुटीत निघतो. काही जणांच्या बाबतीत अर्ज मंजूर होतो, पण ज्याला गावात सगळे ‘निराधारचा पगार’ म्हणतात तो पगार काही खात्यात दिसत नाही, आणि मग तिसरा अर्ज टाकला जातो. माझ्या अनुभवात नवा अर्ज हा या अडचणीवरचा उपाय क्वचितच ठरतो. अर्जाचा प्रवास कोणत्या टप्प्यावर थांबला हे शोधून तेवढीच गाठ सोडवली तर काम होते. खालील मजकूर ती गाठ कशी शोधावी यासाठी आहे.

आधी योजनांविषयी थोडक्यात. 65 वर्षे व त्यापुढील वयाच्या, महाराष्ट्रात किमान 15 वर्षे राहणाऱ्या आणि वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असणाऱ्या व्यक्तीसाठी राज्याची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे. कुटुंबाचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत असेल तर त्याच व्यक्तीला केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तीवेतन योजनेचाही हिस्सा मिळतो आणि दोन्ही मिळून रक्कम पूर्ण होते. जुलै 2023 पासून ही रक्कम दरमहा 1,000 ऐवजी 1,500 रुपये झाली. संजय गांधी निराधार अनुदान योजना ही मुख्यतः 65 वर्षांखालील निराधार, विधवा, दिव्यांग व दुर्धर आजारी व्यक्तींसाठी आहे. मात्र तहसील कार्यालयात या सर्व योजना एकाच शाखेकडे असतात आणि मंजुरीही तालुक्याच्या संजय गांधी निराधार योजना समितीसमोर होते, म्हणून लोक सगळ्यांनाच ‘निराधार’ म्हणतात. नावाच्या या घोळामुळे पुष्कळदा अर्जच चुकीच्या योजनेत भरला जातो. साठी ओलांडलेल्या पण पासष्टी न गाठलेल्या धडधाकट गृहस्थाचा श्रावणबाळचा अर्ज कितीही नीट भरला तरी तो मंजूर होणार नाही, हे घरच्यांना आधीच स्पष्ट सांगितलेले बरे.

त्रुटी लेखी घ्यावी

‘कागद कमी आहे’, ‘वय बसत नाही’, ‘साहेब नाहीत, पुढच्या आठवड्यात या’ अशी तोंडी उत्तरे घेऊन माणूस गावी परततो तेव्हा त्याच्या हाती काहीच नसते. घरी येईपर्यंत नेमके काय सांगितले होते हेही त्याला आठवत नाही. म्हणून अर्ज आपले सरकार सेवा केंद्रातून किंवा सेतूतून भरला असेल तर त्याची पावती आणि त्यावरील अर्ज क्रमांक जपून ठेवावा. प्रत्यक्ष कार्यालयात दिला असेल तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घेतल्याशिवाय तेथून निघू नये. पुढे चौकशीला जाताना हा क्रमांक दाखवून, ‘माझ्या अर्जातील त्रुटी कृपया लेखी कळवावी’ असा दोन ओळींचा अर्ज द्यावा आणि त्याचीही पोच घ्यावी. बहुतेक ठिकाणी एवढ्यानेच टेबलावरील कर्मचारी नस्ती काढून नेमका शेरा वाचून दाखवतो.

तरीही उत्तर मिळाले नाही तर माहितीचा अधिकार अधिनियम 2005 खाली अर्ज करून ‘माझ्या अर्जावर आजपर्यंत झालेली कार्यवाही व त्यावरील शेऱ्यांची प्रत’ मागता येते. त्यासाठी 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही लागत नाही, आणि उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत आहे. महाराष्ट्रात हा अर्ज 150 शब्दांच्या आत व एकाच विषयावर असावा लागतो, त्यामुळे त्यात तक्रारीचा इतिहास लिहीत बसू नये. आपल्याच तालुक्यातील माणसांशी आपल्याला वर्षानुवर्षे काम पडणार असते, म्हणून हा मार्ग मी साध्या लेखी विनंतीनंतरच सुचवतो, पण गरज पडल्यास तो वापरायला कचरू नये.

पहिल्या अर्जाचा निकाल कळण्याआधी दुसरा अर्ज अजिबात टाकू नये. एकाच आधार क्रमांकावर दोन अर्ज दिसले की दोन्ही बाजूला ठेवले जातात, आणि मग कोणता खरा हे ठरवण्यातच आणखी काही महिने जातात.

वयाचा घोळ

सर्वाधिक त्रुटी वयावरून निघतात, आणि याचे कारण आमच्याकडील जुन्या पिढीच्या आयुष्यातच आहे. 1955 ते 1960 च्या सुमारास खेड्यात जन्मलेल्या बाया बहुधा शाळेत गेल्याच नाहीत. जन्माचा दाखला म्हणजे काय हे त्यांच्या आईवडिलांना ठाऊक नव्हते, आणि वय विचारले तर त्या एखाद्या दुष्काळाच्या किंवा पुराच्या सालावरून सांगतात. आधार काढताना समोरच्या मुलाने चेहरा पाहून अंदाजाने एक साल टाकले, मतदार यादीसाठी घरी आलेल्या माणसाने दुसरे वय लिहिले, आणि शिधापत्रिकेवर तिसरेच आले. तिन्ही कागद एका अर्जाला जोडले की ते एकमेकांविरुद्ध साक्ष देतात.

आमच्या घरचेच उदाहरण सांगतो. वडिलांच्या थोरल्या भावाच्या पत्नीला आम्ही मोठी आई म्हणतो. तिच्या आधारवर फक्त 1958 हे साल आहे आणि ते बरोबर आहे. 2023 च्या अखेरीस तिचा पहिला अर्ज ‘वय 65 पूर्ण नाही’ या शेऱ्यासह परत आला. आम्हाला वाटले की नजरचूक असेल, म्हणून तेच कागद जोडून आम्ही पुन्हा अर्ज केला आणि तोही त्याच शेऱ्याने परत आला. तिसऱ्या खेपेला मी स्वतः जाऊन नस्ती पाहण्याची विनंती केली, तेव्हा कारण सापडले. शिधापत्रिकेवर प्रत्येकाच्या नावापुढे जे वय लिहिलेले असते ते कार्ड तयार झाले त्या वर्षीचे असते. मोठ्या आईचे जुने कार्ड 2008 चे होते व त्यावर वय 50 होते, जे बरोबर होते. ते फाटल्यावर 2016 मध्ये नवे कार्ड मिळाले, तेव्हा लिहिणाऱ्याने जुन्या कार्डावरील 50 हा आकडा तसाच नव्या कार्डावर उतरवला. साहजिकच नव्या कार्डावरून हिशेब करणाऱ्याला ती 2023 मध्ये 57 वर्षांची दिसली. दोनदा अर्ज भरताना मी स्वतः ते कार्ड हातात धरले होते आणि माझ्याही ते लक्षात आले नाही. त्यापायी तिचे जवळजवळ वर्ष वाया गेले याचे मला आजही वाईट वाटते.

उपाय सोपा होता. तालुक्याच्या पुरवठा शाखेत अर्ज देऊन आधारच्या प्रतीवरून शिधापत्रिकेतील वय दुरुस्त करून घेतले, 2009 च्या मतदार यादीतील तिच्या नोंदीची प्रत काढली, ज्यात वय 50 होते, आणि सर्व कागदांवरून जन्माचे साल कसे एकच येते याचा चार ओळींचा हिशेब वेगळ्या कागदावर लिहून अर्जाला जोडला. मतदार यादीतील वय हे त्या यादीच्या अर्हता दिनांकाचे, म्हणजे ज्या दिवशीचे वय मोजले जाते त्या तारखेचे असते, जो आमच्या काळात 1 जानेवारी हाच होता, हेही त्यात नमूद केले. अर्ज पुढे सरकला. तेव्हापासून मी प्रत्येक अर्जदाराच्या कागदांवर बसून आधी हा हिशेब करतो: कागद कोणत्या वर्षीचा, त्यावर वय किती, म्हणजे जन्मसाल कोणते. तिन्ही-चारही साले जुळली किंवा एखाद्या वर्षाने मागेपुढे झाली तर पुढे जायचे, जास्त फरक असेल तर आधी दुरुस्ती करायची. आधारवर पूर्ण तारीख नसून केवळ साल असेल तर काठावरच्या महिन्यात अर्ज न करता ते वर्ष उलटू देणे मला शहाणपणाचे वाटते, कारण वर्षातील कोणता दिवस धरायचा यावर वाद घालण्यात थांबण्यापेक्षा जास्त महिने जातात.

खरी कठीण स्थिती वेगळी आहे, ती म्हणजे आधारवरच वय कमी लागलेले असणे. थोरल्या मुलाचा जन्म 1975 चा आणि आईचे आधारवरील साल 1965, असे कागद मी पाहिले आहेत. अशा वेळी कार्यालयाशी भांडण्यात अर्थ नसतो, पुरावा उभा करावा लागतो. योजनेच्या नियमांत वयासाठी केवळ आधार धरलेले नाही. ग्रामपंचायतीच्या जन्म नोंदवहीचा उतारा, शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिकेतील किंवा मतदार यादीतील वयाचा उतारा, अथवा ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांनी किंवा त्यावरच्या दर्जाच्या शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याने दिलेला वयाचा दाखला, यांपैकी पुरावा चालतो. गावातील खाजगी डॉक्टरांचे पत्र यात बसत नाही, तरी लोक पैसे देऊन ते आणतात. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही, ही भूमिका आधार प्राधिकरणाने स्वतः घेतलेली आहे आणि 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका निकालात तेच धरले. हे अर्जात नम्रपणे लिहायला हरकत नाही.

पुरावा शोधताना विदर्भातील माणसाकडे दोन जास्तीचे मार्ग असतात. पहिला मार्ग म्हणजे शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. ‘मी शाळेत गेलीच नाही’ असे सांगणारी बाई पुष्कळदा पहिलीत महिना-दोन महिने बसलेली असते आणि तिचे नाव माहेरच्या शाळेच्या रजिस्टरात असते. मी मुख्याध्यापक असताना अशा नोंदी स्वतः काढून दिल्या आहेत, म्हणून हे आग्रहाने सांगतो की माहेरच्या गावच्या शाळेत एकदा तरी विचारावे. दुसरा मार्ग कोतवाल बुकाचा. जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडात गावातील जन्म-मृत्यू कोतवालामार्फत नोंदले जात आणि त्या वह्यांच्या नकला आजही तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून मिळू शकतात. जातीच्या दाखल्यासाठी लोक त्या काढतातच. त्यात बहुधा बाळाचे नाव नसते, वडिलांचे नाव, जात, ‘मुलगी’ एवढा उल्लेख आणि तारीख असते. त्यामुळे ती नक्कल एकटी पुरत नाही, पण भावंडांच्या नोंदींसह आणि वैद्यकीय दाखल्यासह जोडली तर तिला वजन येते.

एवढे करूनही आधारवरील साल दुरुस्त करणे टळत नाही, कारण पुढे पैसे आधारवरूनच जमा होतात आणि संगणकावर तेच वय उघडते. आधारमध्ये जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते. म्हणून हाती पक्का कागद येण्याआधी केंद्रावर जाऊन ती एक संधी वाया घालवू नये. कोणते कागद चालतात याची यादी अधूनमधून बदलते, तेव्हा निघण्यापूर्वी 1947 या क्रमांकावर फोन करून विचारून घ्यावे. मराठीतही उत्तर मिळते.

नाव

नावाचा प्रश्न वयाइतका खोल नसतो, पण त्रास तितकाच देतो. शिधापत्रिकेवर सासरचे आडनाव, जुन्या बँक पासबुकावर माहेरचे, आधारवर ‘बाई’ नावाला जोडून आणि बँकेत इंग्रजी स्पेलिंगमध्ये ते सुटे, एका ठिकाणी सखूबाई तर दुसऱ्या ठिकाणी सखुबाई, अशी तऱ्हा असते. कोलाम, गोंड व बंजारा वस्त्यांवर तर घरात हाक मारायचे नाव एक आणि कागदावर बाहेरच्या माणसाने ऐकून लिहिलेले नाव दुसरे, असे सर्रास आढळते. या बाबतीत एकच नियम पाळावा: आधार आधी बरोबर करावे, मग बाकीचे सगळे कागद आधारसारखे करावे. उलट्या क्रमाने गेल्यास दोनदा काम पडते. किरकोळ फरक असेल तर ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे’ असे स्वयंघोषणापत्र चालते. येथे एक सांगणे आवश्यक आहे. उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांसाठी शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावरील मुद्रांक शुल्क राज्य शासनाने 2004 पासूनच माफ केलेले आहे. असे असताना 1,500 रुपयांच्या आशेने आलेल्या म्हातारीला 500 रुपयांचा स्टॅम्प पेपर घ्यायला लावणारे लोक कार्यालयाच्या बाहेर बसलेले असतात, आणि ते पाहून जीव तुटतो. साध्या कागदावर लिहून द्यावे, आणि कोणी नाकारले तर नाकारण्याचे कारण लेखी मागावे.

उत्पन्न आणि दारिद्र्यरेषा

21,000 रुपये वार्षिक म्हणजे महिन्याला 1,750 रुपये. आजच्या काळात दोन माणसांच्या घरात एवढ्यात तेल-मीठही भागत नाही, आणि ही मर्यादा वाढायला हवी असे माझे स्पष्ट मत आहे. पण ती आहे तोवर अर्ज तिच्या आत बसवावा लागतो. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो आणि तो तलाठ्यांच्या, म्हणजे आता ज्यांचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी झाले आहे त्यांच्या, अहवालावर निघतो. कोरडवाहू दोन-तीन एकरांवर कपाशी-सोयाबीन घेणाऱ्या वृद्धाच्या बाबतीत ही अडचण हमखास येते. सातबारा मुलांनी वाटून घेतलेला असतो, पण फेरफार झालेला नसतो, म्हणून कागदावर सगळी जमीन म्हाताऱ्याच्याच नावावर दिसते आणि त्यावरून उत्पन्न मोजले जाते. वाटणी खरोखर झाली असेल तर आधी तिची नोंद करून घ्यावी. झाली नसेल तर खोटे लिहून देण्याच्या भानगडीत पडू नये, कारण पुढे पडताळणीत हे बाहेर आले तर मिळालेली रक्कम वसूल होऊ शकते.

गेल्या काही काळात एक नवी चूक वारंवार दिसते आहे. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा लाभ वयाची 65 वर्षे पूर्ण झाल्यावर थांबतो. अनेक बायांची समजूत अशी असते की पुढचा पगार श्रावणबाळमधून आपोआप सुरू होईल. तो होत नाही, त्यासाठी स्वतंत्र अर्ज लागतो. त्यातही त्या योजनेची उत्पन्नमर्यादा अडीच लाखांची होती, त्यामुळे तेव्हा काढलेला उत्पन्नाचा दाखला, समजा 60,000 रुपयांचा, या अर्जाला जोडला की अर्ज तिथेच नामंजूर होतो. जुना दाखला घरात आहे म्हणून जोडू नये, त्यावरील आकडा वाचावा.

पिवळे रेशन कार्ड असले म्हणजे दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असतेच असे नाही. योजनेला 2002 च्या सर्वेक्षणाच्या यादीतील अनुक्रमांक लागतो आणि तो ग्रामपंचायतीतून किंवा पंचायत समितीतून दाखल्यासह घ्यावा. यादीत नाव सापडले नाही तरी निराश होण्याचे कारण नाही, 21,000 रुपयांच्या आतील उत्पन्नाच्या दाखल्यावर श्रावणबाळच्या दुसऱ्या गटातून लाभ मिळतो. रक्कम तेवढीच असते.

मंजूर झाले, पण खात्यात काही नाही

मोठ्या आईचा अर्ज 2024 च्या ऑक्टोबरात मंजूर झाला. गावातील चावडीवर कोणीतरी यादीत तिचे नाव पाहिले आणि साऱ्या आळीला बातमी दिली. पुढे एप्रिल उजाडला तरी तिच्या पासबुकात एक रुपया नव्हता. दर सोमवारी ती मला विचारी, ‘माहा पगार कवा येते रे बापू?’ आणि माझ्यापाशी उत्तर नसे. पुन्हा अर्ज करावा असे घरात सगळ्यांचे म्हणणे होते.

2024 च्या अखेरीपासून राज्याने या योजनांचे पैसे थेट लाभ हस्तांतरणाने, म्हणजे डीबीटीने, देण्यास सुरुवात केली. पूर्वी तहसील कार्यालयाकडून बँकेकडे नाव, खाते क्रमांक व रक्कम यांची यादी जाई आणि अर्जात लिहिलेल्या खात्यातच पैसे पडत. डीबीटीत अर्जातील खाते क्रमांकाला फारसे महत्त्व उरत नाही. राष्ट्रीय पातळीवर एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधील पैशांची देवाणघेवाण सांभाळणाऱ्या संस्थेच्या, नोंदीत त्या आधार क्रमांकापुढे ज्या बँकेचे नाव असेल, पैसे त्या बँकेत जातात, आणि एका आधारपुढे एका वेळी एकच बँक असते. आपण शेवटची ज्या बँकेत आधार जोडण्याची संमती देतो ती बँक आधीच्या बँकेची जागा घेते. आता गावात काय होते ते पाहावे. कधी कर्जाच्या गटासाठी, कधी विम्यासाठी, कधी दारात आलेल्या माणसाने ‘मोफत खाते आहे’ म्हटले म्हणून, म्हाताऱ्या माणसाचा अंगठा घेऊन नवे खाते उघडले जाते. त्याचे पासबुक मिळत नाही किंवा मिळालेले कार्ड ट्रंकेत पडून राहते, आणि पुढे सर्व योजनांचे पैसे गुपचूप तिकडे जमा होत राहतात.

बँकेतील माणूस ‘आधार लिंक आहे’ असे सांगतो, तेही खरे असते. खात्याला आधार क्रमांक जोडलेला असणे वेगळे आणि डीबीटीसाठी त्याच बँकेचे नाव एनपीसीआयच्या नोंदीत असणे वेगळे. म्हणून बँकेत विचारताना ‘आधार सीडिंग झाले आहे का, डीबीटी याच खात्यात येईल का’ असे नेमके विचारावे. आधार प्राधिकरणाच्या ‘माय आधार’ या संकेतस्थळावर आधार क्रमांक व मोबाइलवर आलेला ओटीपी टाकला की ‘बँक सीडिंग स्टेटस’ या पर्यायात बँकेचे नाव व ती सक्रिय आहे की नाही हे दिसते. यासाठी आधारला मोबाइल क्रमांक जोडलेला असावा लागतो, आणि आमच्याकडे अर्ध्या वृद्धांच्या आधारला कोणाचा तरी बंद पडलेला क्रमांक जोडलेला असतो. तो आधी बदलून घ्यावा.

आम्ही पाहिले तेव्हा मोठ्या आईच्या नावापुढे एका अनोळखी बँकेचे नाव निघाले. तिला ते खाते उघडल्याचे आठवत नव्हते. तिच्या सुनेला आठवले की दोन वर्षांपूर्वी एक पोरगा दारात येऊन अंगठा घेऊन गेला होता. त्या बँकेच्या सेवा केंद्रावर जाऊन शिल्लक विचारली तर जानेवारी ते एप्रिल या चार महिन्यांचे 6,000 रुपये जसेच्या तसे पडून होते. म्हणजे पैसे वेळेवर येत होते, आम्ही चुकीच्या दारात उभे होतो. ते काढून घेतले, मग तिच्या नेहमीच्या बँकेत डीबीटीसाठी आधार सीडिंगचा संमती अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली. पुढच्या महिन्यापासून तेथे जमा होऊ लागले.

अशा वेळी आणखी काही ठिकाणी नजर टाकावी. खात्यात दोन वर्षे ग्राहकाने स्वतः काही व्यवहार केलेला नसेल तर खाते निष्क्रिय होते, केवायसी थकलेली असेल तर व्यवहार अडतात, दोन्ही गोष्टी आधार व फोटो घेऊन शाखेत गेल्यास सुटतात. दारिद्र्यरेषेखालील लाभार्थ्याला केंद्राचा व राज्याचा हिस्सा वेगवेगळा जमा होऊ शकतो, म्हणून पासबुकात 1,500 चा एकच आकडा न दिसता दोन लहान आकडे दिसले तर पगार कापला गेला असे समजू नये. आमच्या भागातील केशरी कार्डधारक शेतकरी कुटुंबांना धान्याऐवजी मिळणारी रक्कमही त्याच पासबुकात मिसळते, तेव्हा प्रत्येक नोंदीपुढचा मजकूर बँकेतील कर्मचाऱ्याकडून वाचून घ्यावा.

आणि पैसे खात्यात येऊनही हातात न येण्याचा प्रकार आहेच. आयुष्यभर कपाशी वेचून व निंदण करून बोटांच्या रेषा पुसल्या गेलेल्या बाईचा अंगठा बँकेच्या सेवा केंद्राच्या यंत्रावर उमटत नाही. अशांनी आधार केंद्रावर जाऊन बायोमेट्रिक अद्ययावत करून घ्यावे, आणि तेवढ्याने भागले नाही तर डोळ्यांच्या बुबुळांवरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय विचारावी, नाहीतर शाखेत जाऊन पैसे काढण्याच्या फॉर्मवर साक्षीदारासह अंगठा लावून घ्यावेत. सेवा केंद्रावर ‘अंगठा लागला नाही, पुन्हा लावा’ असे दोन-तीनदा झाले तर प्रत्येक वेळची छापील पावती मागावी आणि महिन्यातून एकदा पासबुक शाखेतच भरून आणावे. बहुतेक केंद्रचालक प्रामाणिक असतात, गावातीलच असतात. तरीही पावती मागणे हा अविश्वास नसतो, हे आपल्या म्हाताऱ्या माणसांना समजावून सांगावे लागते, कारण त्यांना मागायला संकोच वाटतो.

सुरू झालेला पगार बंद पडला तर

दोन-तीन वर्षे नीट चाललेला पगार अचानक थांबला तर पहिली शंका हयातीच्या दाखल्यावर घ्यावी. लाभार्थी जिवंत असल्याची नोंद दरवर्षी करावी लागते. ती राहिली की नाव तात्पुरते थांबवले जाते, कायमचे काढले जात नाही. आता मोबाइलवर चेहरा टिपून ही नोंद करण्याची सोयही होत आहे, पण ज्यांना ते जमत नाही त्यांनी तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत किंवा बँकेत स्वतः उपस्थित राहून ती करून घ्यावी. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीसाठी तलाठ्यांना किंवा ग्रामपंचायतीला घरी येऊन पाहणी करण्याची लेखी विनंती करता येते. मुलीकडे किंवा मुलाकडे पुण्या-मुंबईला चार-सहा महिने गेलेल्यांची नावे याच कारणाने थांबतात. गावातील पडताळणीच्या वेळी ‘येथे राहत नाही’ असा शेरा पडतो आणि परत आल्यावर पगार बंद झालेला असतो. जाण्यापूर्वी शाखेत एक अर्ज देऊन ठेवला तर हे टळते.

आमच्या गावापुरती आम्ही आता एक साधी वही केली आहे. प्रत्येक लाभार्थ्याचे नाव आधारवर आहे तसेच, जन्मसाल, अर्ज क्रमांक, मंजुरीचा महिना, डीबीटीची बँक आणि मागील हयात नोंदीची तारीख एवढेच तिच्यात लिहिलेले असते. वही अंगणवाडीच्या कपाटात असते, आणि दर बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाणारा कोणीही ती पाहून दोन-तीन जणांची चौकशी करून येतो. मोठ्या आईची पुढची हयात नोंद तिच्यात लाल पेनाने लिहून ठेवली आहे.